वादळ ओसरल्यानंतरचे आठवडे: आपत्तीआधीची आरोग्य-तयारी, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

२० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया हे हरिकेन कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावर धडकलं. सरकारी नोंदीत मृतांचा आकडा कितीतरी महिने ६४ वरच थांबलेला होता. पुढे त्या काळात नेहमीपेक्षा किती माणसं जास्त दगावली याचा अभ्यास झाला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने २,९७५ हा आकडा मान्य केला. हा हिशेब सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ या सहा महिन्यांचा होता. वादळ मात्र एका दिवसात बेट ओलांडून गेलं होतं. त्यानंतर वीज नव्हती, रस्ते बंद होते, फोन लागत नव्हते, दवाखाने जेमतेम चालत होते. ज्यांचं जगणं डायलिसिस, ऑक्सिजन, इन्सुलिन किंवा रोजच्या गोळ्यांवर अवलंबून होतं, त्यांच्यासाठी प्रत्येक दिवस कठीण होत गेला.

म्हणून हा लेख वाऱ्यापेक्षा त्या पुढच्या आठवड्यांबद्दल जास्त बोलतो. खिडक्यांना फळ्या ठोकायला बहुतेकांना आठवतं. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या चौथ्या दिवशी संपणार आहेत, हे मात्र चौथ्या दिवशीच लक्षात येतं.

हरिकेन, टायफून आणि चक्रीवादळ ही एकाच जातीच्या वादळाची वेगवेगळ्या समुद्रांवरची नावं आहेत, त्यामुळे खालची तयारी तिन्हींना लागू पडते. पूर, भूकंप, वणवा यांसाठीही यातलं बरंचसं उपयोगी आहे. जिथे फरक पडतो ते शेवटाकडे सांगितलं आहे.

पहिली पायरी: घरात कोण कशावर अवलंबून आहे ते लिहून काढा

कोणतीही पिशवी भरण्याआधी कागद घ्या. घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावापुढे लिहा: रोजची औषधं कोणती, विजेवर चालणारं कोणतं उपकरण लागतं, फ्रिजमध्ये ठेवावं लागणारं काही आहे का, चालायला-ऐकायला-दिसायला मदत लागते का, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई आहे का, तान्हं बाळ आहे का. या कागदावरूनच पुढची सगळी कामं ठरतात. बाजारात मिळणारी तयार आपत्ती-पेटी या घरासाठी बनवलेली नसते, म्हणून मी ती आधी घ्यायला सांगत नाही.

त्यानंतर प्रत्येकासाठी एक छोटं कार्ड करा. मदत-छावणीत आरोग्याच्या टेबलावर बसणाऱ्या कुणालाही विचारा, सर्वांत जास्त वेळ कशात जातो ते. समोरची व्यक्ती सांगते, ‘सकाळची छोटी पांढरी गोळी.’ छोट्या पांढऱ्या गोळ्या शेकडो असतात. कार्डावर औषधाचं मूळ नाव हवं, कंपनीने दिलेलं नाव नाही, कारण दुसऱ्या गावात किंवा दुसऱ्या राज्यात ती कंपनी मिळेलच असं नाही. गोळी किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, हेही लिहा. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, जुने आजार आणि शस्त्रक्रिया कोणत्या, धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं, चष्म्याचा नंबर, डॉक्टरांचा फोन, आणि आपल्या भागाबाहेर राहणाऱ्या एका नातेवाइकाचा फोन. हा शेवटचा नंबर महत्त्वाचा आहे. ताटातूट झाली तर सगळ्यांनी त्याच एका माणसाला निरोप द्यायचा, असं आधी ठरवून ठेवा. लाइनींवर ताण असतो तेव्हा फोन लागत नाही, पण लेखी संदेश बहुधा पोहोचतो.

कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवाच, पण कागदाची प्रत पाणी न शिरणाऱ्या पिशवीत हवी. मोबाइलची बॅटरी दुसऱ्या दिवशी संपते.

दुसरी पायरी: औषधांचा साठा

रोजच्या औषधांचा किमान सात दिवसांचा आणि जमलं तर दोन आठवड्यांचा जास्तीचा साठा घरात असावा. एकदम विकत घेणं परवडत नसेल किंवा नियमांत बसत नसेल, तर सोपी सवय लावा: पाकीट अर्धं संपलं की पुढचं आणायचं. नवं पाकीट मागे, जुनं पुढे, म्हणजे मुदत उलटलेलं औषध साठून राहत नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की हा साठा आपत्तीसाठी हवा आहे. बहुतेक डॉक्टर समजून घेतात.

फिटची, हृदयाची आणि मानसिक आजारांची औषधं, तसंच स्टिरॉइडच्या गोळ्या एकाएकी बंद पडल्या तर धोका मोठा असतो. साठा करताना पहिला क्रमांक त्यांचा. दमा असलेल्यांनी इनहेलर दोन ठेवावेत. नेब्युलायझर विजेवर चालत असेल तर इनहेलरला जोडायचा स्पेसर घेऊन ठेवावा.

इन्सुलिनबद्दल गैरसमज खूप आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. वीज गेली म्हणून इन्सुलिन त्याच दिवशी फेकून द्यायचं नसतं. बहुतेक प्रकारची इन्सुलिन १५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात सुमारे २८ दिवस चालतात. नेमकी मुदत पाकिटावर पाहावी. उष्णता वाढली तर परिणाम कमी होत जातो, आणि गोठलेलं इन्सुलिन कधीच वापरायचं नाही. म्हणून ते बर्फाला थेट चिकटवून ठेवू नका, कापडात गुंडाळा. बर्फ नसेल तर ओल्या कापडात गुंडाळलेलं मातीचं भांडं सावलीत, वारा लागेल असं ठेवलं तर आतली हवा बाहेरपेक्षा थंड राहते. इन्सुलिनची बाटली त्या भांड्याच्या आत, कोरडी ठेवायची. नेहमी पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं इन्सुलिन गढूळ झालं, तर ते बाद. दुसरं काहीच मिळत नसेल आणि हाताशी असलेलं इन्सुलिन उन्हात राहिलेलं असेल, तर इन्सुलिन अजिबात न घेण्यापेक्षा ते घेणं बरं. मात्र साखर वारंवार तपासा आणि नवा साठा मिळताच बदला. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, सुया आणि साखर एकदम उतरली तर लागणारा गोड पदार्थही त्याच पिशवीत हवा.

तिसरी पायरी: वीज गेली तर श्वास कुणाचा अडेल?

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, व्हेंटिलेटर, झोपेत लावायचं श्वासाचं यंत्र, घरी डायलिसिस करणारं यंत्र: यांपैकी काही घरात असेल तर ‘बघू तेव्हा’ असं म्हणून चालत नाही. वीज कंपनीकडे आणि स्थानिक प्रशासनाकडे अशा रुग्णांची नोंद ठेवण्याची सोय असेल, तर नाव आजच द्या. नोंद केली म्हणजे वीज आधी येईलच असं नाही. तुम्ही तिथे आहात एवढं तरी कळतं. यंत्राची बॅटरी किती तास टिकते ते पुस्तिकेत वाचण्यापेक्षा एकदा घड्याळ लावून तपासा, आणि तेही रुग्णाची तब्येत ठीक असताना, दुसरा पर्याय हाताशी ठेवून. पुरवठादाराकडे सिलिंडरची सोय विचारा. खरं सांगायचं, तर अशा रुग्णाला घरात ठेवून वादळ काढण्याचा विचारच करू नये. इशारा मिळताच वीज असलेल्या ठिकाणी हलवणं हीच त्याची तयारी.

डायलिसिसवरच्या रुग्णांनी दोन गोष्टी आपल्या केंद्रात आधी विचाराव्यात. एक, वादळाच्या आधी एक फेरी लवकर करून मिळेल का. २०१२ मध्ये सँडी वादळाच्या वेळी ज्यांनी आधीच डायलिसिस करून घेतलं, त्यांना नंतर रुग्णालयात धाव घ्यावी लागण्याचं प्रमाण कमी आढळलं. दोन, फेरी चुकली तर खायचा तीन दिवसांचा आपत्कालीन आहार कोणता. त्यात पाणी, मीठ आणि पोटॅशियम नेहमीपेक्षाही कमी असतं. तो कागद केंद्राकडून लिहून घ्या, अंदाजाने करू नका.

उकाड्याचं संकट लोक विसरतात. २०१७ मध्येच इर्मा वादळानंतर फ्लोरिडातल्या एका वृद्धाश्रमात वातानुकूलन बंद पडलं आणि १२ वृद्धांचा मृत्यू उष्णतेमुळे झाल्याचं ठरवलं गेलं. शेजारीच मोठं रुग्णालय होतं. पुढे त्या राज्यात वृद्धाश्रमांना जनरेटर आणि इंधनाचा साठा बंधनकारक झाला. तुमच्या घरचं कुणी अशा संस्थेत असेल, तर जाऊन थेट विचारा: वीज गेली तर काय, आणि रिकामं करायचं ठरलं तर कुठे नेणार. उत्तर लेखी मागायला संकोच करू नका.

चौथी पायरी: पाणी

माणशी रोज चार लिटर धरा, पिण्यासाठी आणि थोड्या स्वच्छतेसाठी. किमान तीन दिवसांचं, जागा असेल तर दोन आठवड्यांचं. चौघांच्या घराला तीन दिवसांसाठी ४८ लिटर लागतात. उकाडा, अंगावर पाजणारी आई, आजारी माणूस असेल तर जास्त. घरच्या जनावरांचा हिशेब वेगळा. भांडी खाद्यपदार्थांसाठीचीच हवीत. रसायनाचा किंवा कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला तरी चालत नाही. इशारा मिळाला की बादल्या, टब, पिंप भरून ठेवा. ते वापरायचं पाणी, प्यायचं नाही.

नळाचं पाणी पुन्हा आलं म्हणजे ते पिण्याजोगं झालं असं समजू नका. जलवाहिन्या फुटलेल्या असतात आणि दाब कमी झाला की बाहेरची घाण आत शिरते. प्रशासन सांगेपर्यंत पाणी शुद्ध करूनच प्या:

१. गढूळ असेल तर आधी निवळू द्या आणि स्वच्छ कापडाने गाळा.

२. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळा. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरपेक्षा उंच राहत असाल तर तीन मिनिटं.

३. इंधन नसेल तर सुगंध नसलेलं साधं घरगुती ब्लीच वापरता येतं. बाटलीवर क्लोरीनचं प्रमाण ५ ते ९ टक्के लिहिलेलं असेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्याला २ थेंब, गढूळ पाण्याला ४ थेंब. ढवळा आणि ३० मिनिटं थांबा. पाण्याला क्लोरीनचा किंचित वास यायला हवा. क्लोरीनच्या गोळ्या असतील तर पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे.

पाण्यात पेट्रोल, डिझेल किंवा औषधफवारणीचं रसायन मिसळलं असेल, तर उकळून किंवा क्लोरीन टाकून ते जात नाही. ते पाणी सोडून द्या. पुरात बुडालेली विहीर उपसून, क्लोरीन टाकून, तपासणी झाल्याशिवाय वापरू नका.

पाण्याबरोबरच जलसंजीवनीची पाकिटं ठेवा. पाकिटं नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर बाळाला अपाय होतो, म्हणून चमचा सपाटच हवा.

शौचालयाचा विचार कुणीच करत नाही आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांची पंचाईत होते. दोन झाकणाच्या बादल्या ठेवा: एक लघवीसाठी, एक शौचासाठी. शौचाच्या बादलीत जाड पिशवी दुहेरी लावा आणि प्रत्येक वेळी वरून कोरडी माती, राख किंवा लाकडाचा भुसा टाका. दोन्ही वेगळं ठेवलं की वास आणि चिखल बराच कमी होतो. साबण आणि हात धुण्याचं पाणी बादलीच्या शेजारीच असू द्या. पाळीच्या काळात लागणाऱ्या वस्तू, लहान मुलांचे आणि वृद्धांचे डायपरही याच साठ्यात मोजा.

अन्नाबद्दल थोडक्यात. न शिजवता खाता येईल असं, टिकाऊ, घरातल्या पथ्याला चालेल असं. वीज गेल्यावर फ्रिज बंदच ठेवला तर आतलं अन्न सुमारे चार तास सुरक्षित राहतं. काठोकाठ भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. वास येत नाही म्हणून अन्न चांगलं, हा भरवसा धरू नका. अंगावर पिणाऱ्या बाळाला पाजणं अजिबात थांबवू नये. ताणामुळे किंवा कमी खाल्ल्यामुळे दूध आटतं अशी भीती आयांना घातली जाते, पण आपत्तीत बाळासाठी त्याहून सुरक्षित अन्न नाही.

पाचवी पायरी: इशारा आल्यावर, जायचं की राहायचं

हरिकेनला १ ते ५ अशी श्रेणी देतात. ती फक्त वाऱ्याच्या वेगावरून ठरते: ताशी ११९ किलोमीटरला पहिली, २५२ किलोमीटरला पाचवी. पाऊस किती पडेल आणि समुद्राचं पाणी किती आत शिरेल, हे त्या आकड्यात नसतं. २०१८ मध्ये फ्लोरेन्स जमिनीवर आलं तेव्हा पहिल्याच श्रेणीत होतं, तरी नॉर्थ कॅरोलिनात भयंकर पूर आला. ‘फक्त एक नंबरचं आहे’ असं कुणी म्हणालं तर विचारा, पाणी किती येणार आहे? घर सखल भागात असेल, नदी किंवा खाडीच्या काठी असेल, किंवा तात्पुरत्या बांधणीचं असेल, तर निघा. प्रशासनाने निघायला सांगितलं असेल तर वाद घालू नका.

रुग्ण, गरोदर बाई किंवा वृद्ध असलेल्या घराने आदेशाची वाटही पाहू नये. रस्ते तुंबले की गाडीत आठ-दहा तास बसणं धडधाकट माणसालाही जड जातं. निघताना औषधांची पिशवी गाडीच्या डिकीत नको, हाताशी हवी. पाळीव जनावरांची सोय आधीच विचारून ठेवा. २००५ मध्ये कॅटरिनाच्या वेळी कितीतरी माणसं जनावरांना सोडवेना म्हणून घरीच थांबली. त्यानंतरच्या वर्षी अमेरिकेने स्थलांतराच्या आराखड्यात जनावरांचा विचार करण्याचा कायदा केला.

वादळ चालू असताना आतल्या, खिडकी नसलेल्या खोलीत थांबा. मध्येच वारा पडला आणि आभाळ मोकळं झालं तर तो वादळाचा डोळा असू शकतो. थोड्याच वेळात वारा उलट्या दिशेने, तितक्याच जोराने येतो.

सहावी पायरी: पहिले तीन दिवस

या दिवसांत माणसं जिवाला मुकतात ती बरीचशी साफसफाई करताना, गाडी चालवताना आणि जनरेटरच्या धुराने.

जनरेटर घराबाहेर, खिडक्या-दारांपासून किमान सहा मीटर लांब ठेवा. गॅरेजमध्ये नाही, दार उघडं ठेवूनही नाही, बाल्कनीत किंवा जिन्याखाली नाही. कोळशाची शेगडी आणि मोकळ्या हवेत वापरायचे स्टोव्ह घरात पेटवू नका. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं, आणि दमलेला माणूस म्हणतो, जरा पडतो. तो उठत नाही. घरातल्या दोघातिघांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर दुसरं कारण शोधत बसू नका: सगळ्यांना बाहेर काढा आणि मदत बोलवा. बॅटरीवर चालणारा या वायूचा अलार्म मिळतो. जनरेटर असलेल्या घराने तो घ्यावाच.

वाहत्या पाण्यात उतरू नका. १५ सेंटिमीटर वाहतं पाणी मोठ्या माणसाला पाडू शकतं, ३० सेंटिमीटर पाण्यात लहान गाडी तरंगते, ६० सेंटिमीटर बहुतेक गाड्या वाहून नेतं. लोंबकळणाऱ्या तारेत वीज नाही असं गृहीत धरू नका. घरात पाणी शिरलं असेल तर ओल्यात उभं राहून मुख्य स्विचला हात लावू नका.

पुराच्या पाण्यात मैला, मेलेली जनावरं, काचा, खिळे सगळं असतं. उघडी जखम घेऊन त्यात जाऊ नका. जावंच लागलं तर गुडघ्यापर्यंतचे बूट, हातमोजे, आणि जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी. जखम झाली की लगेच साबण आणि स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा. धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षांपेक्षा जास्त काळ झाला असेल आणि जखम घाण असेल, तर इंजेक्शन लागू शकतं. समुद्राचं किंवा खाडीचं पाणी जखमेत गेलं आणि काही तासांत सूज, लाली, फोड, ताप दिसू लागला, तर सकाळपर्यंत थांबू नका. कॅटरिनानंतर समुद्रात राहणाऱ्या व्हिब्रिओ जिवाणूंची लागण २२ जणांना झाली आणि त्यातले ५ दगावले. यकृताचा आजार आणि मधुमेह असलेल्यांना हा धोका जास्त.

सातवी पायरी: पुढचे आठवडे

आपत्ती आली म्हणजे साथ येणारच, असं नसतं. रोगजंतू कुठून तरी यावे लागतात आणि त्यांना वाट मिळावी लागते. हैतीत जानेवारी २०१० मध्ये प्रचंड भूकंप झाला; कॉलरा आला तो ऑक्टोबरमध्ये. भूकंपाने तो निर्माण केला नव्हता. तो बाहेरून आला, मैल्यावाटे नदीत उतरला, आणि शुद्ध पाण्याची सोय नसलेल्या लोकांत पसरला. पुढच्या काही वर्षांत जवळपास १०,००० माणसं गेली. त्याच कारणाने, मृतदेहांमुळे साथ पसरते या भीतीने घाईघाईत सामूहिक दफन करणं चुकीचं आहे. अपघाताने गेलेल्यांच्या देहांपासून सहसा साथ पसरत नाही. ओळख न पटवता पुरलेल्या माणसाचं दुःख मात्र घरच्यांना आयुष्यभर पुरतं.

लेप्टोस्पायरोसिस पूरग्रस्त भागात खरोखर दिसतो. उंदीर, गुरं, कुत्री यांच्या मूत्रातून जंतू पाण्यात येतात आणि कातडीवरच्या छोट्या चिरेतूनही शरीरात शिरतात. संपर्कानंतर २ ते ३० दिवसांत ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत तीव्र दुखणं, डोळे लाल होणं. हे साध्या तापासारखंच वाटतं, म्हणून डॉक्टरांना ‘मी पुराच्या पाण्यात चाललो होतो’ हे आपणहून सांगा. एवढ्या एका वाक्याने निदान लवकर होतं. आधीच घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

डास लगेच वाढत नाहीत. पूर अळ्या वाहून नेतो. नंतर साचलेल्या पाण्यात नव्या पैदाशीला साधारण आठवडा-दीड आठवडा लागतो. म्हणजे तुमच्या हातात सात दिवस असतात. टायर, कुंड्या, पडलेली पिंपं, ताडपत्रीच्या सुरकुत्या आठवड्यातून एकदा उपसून कोरड्या करा.

भिंती, गाद्या, कपाटं २४ ते ४८ तासांत वाळली नाहीत तर बुरशी धरते. भिजलेली गादी जीव लावून ठेवली तरी टाकावीच लागते. दमेकऱ्याने बुरशी खरवडायचं काम करू नये.

छावणीत राहायची वेळ आली तर हात धुणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं. कॅटरिनानंतर ह्यूस्टनच्या मोठ्या छावणीत नोरोव्हायरसमुळे उलट्या-जुलाबाची साथ पसरली होती. जुलाब, ताप, अंगावर पुरळ दिसलं की लपवू नका. छावणीच्या आरोग्य-टेबलावर लगेच सांगा. मुलांच्या गोवराच्या लसी वेळेवर पूर्ण असतील तर गर्दीत राहतानाची मोठी चिंता मिटते.

आणि मन. झोप न लागणं, दचकणं, चिडचिड, काहीच न वाटणं हे पहिल्या आठवड्यांत बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. झालेलं सगळं कुणाकडून खोदून काढू नका. शेजारी बसा, बोलायचं असेल तर ऐका, गरज काय आहे ते विचारा आणि ती भागवणाऱ्या माणसापर्यंत पोहोचवा. मुलांना रोजचा काही क्रम द्या, मग तो गोष्ट ऐकण्याचा का असेना. महिन्यानंतरही माणूस जेवत-झोपत नसेल, दारूकडे वळत असेल, किंवा केव्हाही मरणाबद्दल बोलू लागला, तर उपचार हवेत.

आठवी पायरी: दाराबाहेर

१९७० मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात चक्रीवादळाने किमान तीन लाख बळी घेतले. त्यानंतर, १९७२ पासून, बांगलादेशात गावोगावच्या स्वयंसेवकांमार्फत घरोघर इशारा पोहोचवण्याचं काम उभं राहिलं. निवारे बांधले गेले, अंदाज सुधारले. २००७ च्या सिद्र वादळातही हजारो माणसं गेली, पण लाखो नाहीत. दार वाजवून सांगणारा ओळखीचा माणूस ही या व्यवस्थेतली मोठी गोष्ट होती.

तुमच्या मजल्यापुरती किंवा गल्लीपुरती यादी करा: एकटं कोण राहतं, कुणाला ऐकू येत नाही, जिना कुणाला उतरवत नाही. प्रत्येकाचं दार वाजवणारा एक माणूस ठरवा आणि तो गावाला गेला तर दुसरा. यादीतल्या माणसांना विचारूनच त्यांची माहिती लिहा आणि ती भिंतीवर चिकटवू नका. आपत्तीनंतर मदत पाठवायची असेल तर घरातली उरलेली औषधं गोळा करून पाठवू नका. अनोळखी भाषेतली, मुदत संपत आलेली पाकिटं निवडण्यात तिथल्या थकलेल्या कर्मचाऱ्यांचे दिवस जातात. तिथली संस्था जे मागेल ते द्या. बहुतेकदा पैसा सर्वांत उपयोगी ठरतो.

बाकीच्या आपत्तींसाठी काय बदलतं

भूकंप सांगून येत नाही, म्हणून पिशवी दाराजवळ आणि जाड तळाचे बूट, बॅटरी पलंगाशेजारी. काचांनी पाय कापून घेणारे कितीतरी असतात. वणव्याच्या धुरात कापडी रुमालाचा उपयोग नाही. नीट बसणारा एन-९५ मास्क हवा, आणि एका खोलीच्या फटी बंद करून तिथे धूर कमी ठेवता येतो. उष्णतेच्या लाटेत माणूस बरळू लागला, बेशुद्ध होऊ लागला, तर तो उष्माघात समजा: सावली, भिजलेले कपडे, वारा आणि तातडीने रुग्णालय.

साठा जिवंत ठेवण्यासाठी

वर्षातून दोनदा पिशवी पूर्ण उपसा. त्यातली एक वेळ वादळांचा हंगाम सुरू होण्याआधीची असू द्या. औषधांच्या तारखा पाहा, बाळ मोठं झालं असेल तर त्याच्या वस्तू बदला, कार्डावरचा डोस डॉक्टरांनी बदलला आहे का ते तपासा. तुम्ही स्वतः भरून ठेवलेलं पाणी सहा महिन्यांनी बदला. बॅटरीचे सेल टॉर्चच्या आत न ठेवता शेजारी, वेगळ्या पिशवीत ठेवा. आत राहिले की गळतात, आणि हवा तेव्हा टॉर्च लागत नाही.